शिमला ऑफिसला ब्रिस्बेनहून खुलं पत्र: रडारचे रंग बदलण्याआधी

प्रति,
भारतीय हवामान विभागातील अधिकारी, शास्त्रज्ञ आणि संकेतस्थळ सांभाळणारी मंडळी,
शिवाजीनगर, पुणे

सप्रेम नमस्कार,

पुण्यात रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ म्हटलं तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘शिमला ऑफिस’ म्हटलं की मीटर टाकतो. तुमचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं १९२८ साली, आणि १९४४ साली ते दिल्लीला गेलंही. पण चौकाचं नाव शिमला ऑफिस ते शिमला ऑफिसच. एकदा लोकांच्या तोंडात बसलेलं नाव तीन पिढ्या हलत नाही, हे तुमच्या दारातच लिहिलेलं आहे. म्हणून वरचा पत्ता रीतसर घातला असला तरी पत्र शिमला ऑफिसला आहे असंच समजा.

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. सोळा वर्षं झाली, ब्रिस्बेनला असतो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी मोडून बघतो. हवामानशास्त्र शिकलेलो नाही, त्यामुळे तुमचे अंदाज बरोबर की चूक यावर मी एक शब्दही बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते अंदाज लोकांना दिसतो कसा याबद्दल. इथल्या हवामान खात्यानं ऑक्टोबरात आपली वेबसाइट नवी केली आणि त्यावरून देशभर जो गदारोळ झाला तो मी जवळून पाहिला. तुमच्याकडे सध्या ‘मिशन मौसम’ चालू आहे. २,००० कोटी रुपयांची योजना, नवी रडारं, नवे संगणक. यंत्रं नवी आली की ती दाखवणारा पडदाही नवा करू या असं आज ना उद्या कुणीतरी बैठकीत म्हणणार. ती बैठक व्हायच्या आधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं एवढाच हेतू.

आधी इथली माणसं रडारकडे कशी बघतात ते सांगतो, नाहीतर पुढचा राग समजायचा नाही.

ब्रिस्बेनला ऑक्टोबर ते मार्च वादळांचा हंगाम. दुपारपर्यंत लख्ख ऊन, जीव नकोसा करणारा उकाडा, आणि तीन-चारच्या सुमाराला नैर्ऋत्येकडून, इप्सविचच्या बाजूनं, आभाळ काळंनिळं होत येतं. कधी त्याला हिरवट झाक असते. आपल्याकडच्या वळवासारखंच, फक्त गारा लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. मी नवा होतो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला रडार वाचायला शिकवलं. आयुष्यभर गुरं पाळलेला माणूस, शाळा जेमतेम. त्यांनी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर हवामान खात्याचं पान उघडलं. शहराच्या दोन बाजूंना दोन रडारं, दक्षिणेला माउंट स्टेपिल्टनचं आणि पश्चिमेला मारबर्गचं. १२८ किलोमीटरचं चित्र लावायचं आणि ते फिरताना बघत बसायचं. पांढरं-निळं म्हणजे शिडकावा. हिरवं-पिवळं म्हणजे वाळत घातलेले कपडे काढ. लाल दिसलं की गाडी छपराखाली घे. आणि लालच्या पोटात काळसर ठिपका दिसला तर खिडकीपासून लांब बस. एवढंच त्यांचं हवामानशास्त्र. त्यात एकही आकडा नव्हता.

ते काळसर ठिपक्याचं मला पुढे कळलं, आणि तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून लिहितो. रडार पाऊस मोजत नाही. ते लहर सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेली लहर मोजतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परत येणारी लहर दुप्पट नव्हे, ६४ पट होते. म्हणून चार मोठे थेंब शेकडो बारीक थेंबांना झाकून टाकतात, आणि गारा तर पडद्यावर आगच लावतात. हे गणित आजोबांच्या गावीही नव्हतं. पण वर्षानुवर्षं आभाळ आणि पडदा शेजारी शेजारी ठेवून बघितल्यामुळे त्या गणिताचं उत्तर त्यांच्या डोळ्यांना पाठ झालेलं होतं. आपल्याकडे जुना गवळी दुधाच्या धारेचा आवाज ऐकून चरवी किती भरली ते सांगतो, तसं.

अशी पाठ झालेली माणसं या देशात लाखांनी आहेत. शेतकरी, मासे धरणारे, छपरावर चढणारे कारागीर, शनिवारी पोरांना क्रिकेटला नेणारे बाप. इथलं हवामान खातं १९०८ साली सुरू झालं आणि ‘ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजी’ या त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला लाडानं ‘बॉम’ म्हणतात. सरकारी खात्याला लाडाचं नाव असणं हीच केवढी कमाई!

आणि ती कमाई खात्याला नकोशी झाली होती, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. २०२२ च्या ऑक्टोबरात खात्यानं पत्रक काढलं की आम्हाला ‘बॉम’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या किंवा नुसतं ‘द ब्युरो’ म्हणा. त्याच दिवसांत देशाच्या पूर्वेकडे पूर आलेले. लोक नदीची पातळी बघताहेत आणि खातं स्वतःच्या नावाची पातळी! या नव्या ओळखीवर २,२०,२९६ डॉलर खर्च झाल्याचं बाहेर आलं, मंत्र्यांनी कान उपटले, आणि खातं गप्प बसलं. लोक ‘बॉम’च म्हणत राहिले. उद्या शिवाजीनगरच्या चौकात उभं राहून कुणी सांगितलं की शिमला ऑफिस म्हणू नका, तर काय होईल ते तुम्हीच बघा.

तर मुख्य गोष्ट.

२२ ऑक्टोबर २०२५. इथे बुधवार, आपल्याकडे दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी नवी वेबसाइट सुरू झाली. जुनी साइट दिसायला खरंच जुनाट होती, सरकारी कचेरीतल्या फळ्यासारखी. दाटीवाटीनं दुवे, बारीक अक्षरं. पत्त्याच्या आधीचं ते कुलूप, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण, तीसुद्धा तिला नव्हती. २०२५ सालात! तेव्हा बदलायला हवी होती यात वाद नाही. नवी साइट मोकळी, देखणी, फोनवर नीट बसणारी. आणि रडारचे रंग बदललेले.

रंग नवे झाले तसा नकाशाही नवा झाला. लोकांची तक्रार अशी की जुन्या रंगपट्टीत जे वादळ भयंकर दिसलं असतं ते नव्या रंगात मवाळ दिसतंय. शेतकऱ्यांची तक्रार वेगळी. ज्या गावाच्या खुणेवरून ते आपलं रान शोधायचे ती नावं नकाशावर सापडेनात, अक्षांश-रेखांश टाकून जागा गाठता येईना, काल-परवा किती मिलिमीटर पडला आणि नदी कुठवर आली हे बघायला पूर्वी एक टिचकी लागायची तिथे आता चार-पाच पडद्यांमधून जावं लागे. हे सगळं नव्या साइटवर नव्हतंच असं नाही. बरंचसं होतं. पण घर आवरताना बायकोनं मिसळणाचा डबा दुसऱ्या कपाटात ठेवला की फोडणी करपते, तेव्हा डबा घरातच आहे या माहितीचा काय उपयोग?

आणि वेळ बघा. ऑक्टोबरची अखेर म्हणजे क्वीन्सलँडमध्ये वादळांची सुरुवात. काही दिवसांतच ती आली, गारा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह. लोकांनी नेहमीच्या सवयीनं रडार उघडलं आणि समोर अनोळखी चित्र. क्वीन्सलँडचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, डेव्हिड क्रिसाफुली यांनी जाहीर टीका केली. शेतकऱ्यांच्या पक्षाचे नेते डेव्हिड लिटलप्राउड तुटून पडले. केंद्रीय मंत्री मरे वॉट यांनी खात्याच्या प्रमुखांना बोलावून दुरुस्ती करा असं बजावलं. प्रभारी प्रमुखांना माफी मागावी लागली. जुनी साइट एका आडबाजूच्या पत्त्यावर अजून जिवंत होती. तो पत्ता लोक एकमेकांना पाठवू लागले, दारूबंदीच्या गावात गुत्त्याचा पत्ता सांगावा तसा. आठ-नऊ दिवसांत खात्यानं माघार घेतली आणि रडारला जुने रंग परत दिले.

इथवर गोष्ट संपली असती. पण मग पैशाचा विषय निघाला.

सुरुवातीला सांगितलं गेलं की नव्या मांडणीला ४१ लाख डॉलर लागले. नोव्हेंबरात डॉ. स्टुअर्ट मिन्चिन नवे प्रमुख म्हणून आले, त्यानंतर खरा हिशेब बाहेर आला. ९ कोटी ६५ लाख डॉलर. आपल्या रुपयांत साडेपाचशे कोटींच्या आसपास. ४१ लाख नुसत्या मांडणीचे, ७ कोटी ९८ लाख साइट बांधणीचे, १ कोटी २६ लाख सुरू करण्याचे आणि सुरक्षेच्या चाचण्यांचे. एका बड्या सल्लागार कंपनीचं कंत्राट मूळ रकमेच्या दुपटीपलीकडे गेलेलं. खासदार बार्नबी जॉइस यांनी टोला हाणला की एवढे पैसे घालून ‘बॉम’च्या शेवटी एक ‘ब’ जोडला, झाला बॉम्ब.

आता मी थोडा खात्याच्या बाजूनं बोलतो, कारण इथल्या वर्तमानपत्रांनी ते फारसं केलं नाही. २०१५ साली या खात्याच्या संगणकांत घुसखोरी झाली होती. हवामान खात्याचे संगणक म्हणजे विमानतळ, नौदल, वीज, सगळ्यांशी जोडलेले. त्यानंतर सगळी यंत्रणा मुळापासून पक्की करायचं ठरलं आणि त्या मोठ्या कामावर ८६ कोटींहून जास्त डॉलर खर्च झाले. वेबसाइट हा त्यातला एक तुकडा. लोकांना पडद्यावर चार रंग दिसतात, पण त्यामागे रोज येणारी प्रचंड माहिती ओतणारे नळ असतात, आणि ते नळ बदलणं महाग पडतंच. हे खात्यानं पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं असतं तर लोकांनी कुरकुर करत का होईना मानलं असतं. त्यांनी ४१ लाखांचा आकडा पुढे केला. रंगकामाचं बिल दाखवलं आणि पायाभरणीचं खिशात ठेवलं. म्हणून चिडले लोक.

रंग बदलण्यालाही कारण असू शकतं. तांबडा-हिरवा फरक न कळणारी माणसं कमी नसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर शंभरात आठ असतात. इंद्रधनुष्यी रंगपट्टी डोळ्यांना फसवते असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत. त्यामुळे रंगपट्टीला हात लावणारा माणूस अडाणी असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेकदा तो खोलीतला सगळ्यात शिकलेला माणूस असतो. घोटाळा तिथेच होतो.

हे मी अनुभवानं सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या चमूनं एका पाणीपट्टीच्या यंत्रणेचा पडदा नवा केला होता. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. जुना पडदा भयानक होता. करड्या रंगावर निळी अक्षरं, वीस-बावीस रकाने एकाच ठिकाणी. आम्ही तो पाच सुबक पानांत वाटला. आमचं कौतुक झालं, पेढे वाटले गेले. पंधरा दिवसांनी मी खिडकीवर बसणाऱ्या एका बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. समोर रांग. पूर्वी त्या कीबोर्डकडे न बघता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पावती काढायच्या. टॅब, टॅब, टॅब, आकडा, एंटर. आता त्या माउस धरून पडद्यावर बटण शोधत होत्या, आणि रांगेतला एक म्हातारा त्यांना म्हणत होता, ‘बाई, तुम्ही नव्या का?’ त्या तिथे एकोणीस वर्षं होत्या.

मला अजून ती बाई आठवते. आम्ही त्यांच्याकडून एक साधन काढून घेतलं नव्हतं, त्यांची एकोणीस वर्षं काढून घेतली होती. आणि आमच्या चाचणीत हे कुठेच दिसलं नव्हतं, कारण चाचणीला आम्ही बसवलेली माणसं निवांत होती. समोर चहा, मागे रांग नाही. त्यांनी सांगितलं, छान आहे, स्वच्छ दिसतंय.

इथल्या खात्यानंही चाचणी केली होती बरं का. वर्षाहून जास्त काळ नव्या साइटची कच्ची आवृत्ती लोकांसाठी उघडी होती, या, बघा, मत द्या. पण कच्ची आवृत्ती बघायला कोण येतं? ज्याला सवड आहे तो. वादळ डोक्यावर आलेला माणूस जुन्याच पानावर जातो, कारण त्याचा अंगठा तिकडे आपोआप वळतो. त्याचं मत घ्यायचं तर त्याच्या अंगणात, आभाळ भरून आलेलं असताना उभं राहावं लागतं. ते कुठल्याही कंत्राटात लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे या बाबतीत सगळ्यात शहाणं कोण असेल तर ते कालनिर्णय. १९७३ पासून भिंतीवर आहे. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकादशी कुठे छापलेली असते, अमावास्येचा काळा गोल कसा दिसतो हे तिला बोटानं दाखवता येई. कागद सुधारला, छपाई सुधारली, मागच्या पानावरचे लेख बदलले. तारखेचा चौकोन जिथे होता तिथेच आहे. उद्या कुणी हुशार माणसानं अमावास्या पांढरी आणि पौर्णिमा काळी करून टाकली, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलंही, तर ते नियमानं बरोबर असेल. आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत सत्यनारायण अमावास्येला होईल.

तुमच्या भाषेचंही तसंच आहे. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’. या शब्दांवर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. ‘तुरळक ठिकाणी पडेल म्हणजे माझं रान सोडून’ हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. पण विनोद करता करता शब्द शिकले गेले. आकाशवाणीच्या बातम्यांनी ते इतके अंगवळणी पाडले की अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मग तुमचे रंग आले. यलो, ऑरेंज, रेड. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण आता मुंबईतल्या दुसरीतल्या पोरालाही रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी हे माहीत आहे. त्या रंगामागचा २०४.५ मिलिमीटर पावसाचा आकडा त्याच्या बापालाही माहीत नसेल. रंग माहीत आहे. हे भांडवल तुमच्या ताळेबंदात कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून ते उधळणं सोपं असतं.

आता माझ्या भावाकडे येतो. खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र लिहितोय.

तो तासगावजवळ द्राक्ष करतो. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पन्नास-साठ दिवस त्या माणसाला झोप नसते. पोंगा फुटतो, घड दिसू लागतो, मग फुलोरा. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि घडकूज, आणि ढगाळ ओल राहिली की दावण्या रोग. पहाटे चार वाजता उठून तो पहिलं काम करतो ते फोन बघायचं. ब्लोअर ट्रॅक्टरला जोडू की नको? औषध मारलं आणि दोन तासांनी सर आली तर औषध धुऊन जातं, पैसे मातीत. नाही मारलं आणि ओल राहिली तर बाग जाते. हा निर्णय तो अंधारात, बांधावर उभा राहून, एका हातात बॅटरी आणि एका हातात फोन धरून घेतो. फोनची काच दोन ठिकाणी तडकलेली, रेंज एक काडी. त्याच्याकडे तुमचं मौसम ॲप आहे, मेघदूत आहे, पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं विजेची सूचना देणारं दामिनीही आहे. पुतण्या त्याला उपग्रहाच्या चित्राचे स्क्रीनशॉट पाठवतो. त्यातलं काय बघायचं हे तो स्वतः शिकला, माझ्या शेजारच्या आजोबांसारखाच. त्याला जर एखाद्या पहाटे अनोळखी रंगाचा नकाशा दिसला, तर तो साहाय्य-केंद्राला फोन करणार नाही आणि अभिप्रायाचा अर्जही भरणार नाही. तो सरळ यूट्यूब उघडेल. तिथे गावोगावचे स्वयंघोषित हवामान अभ्यासक बसलेलेच आहेत, तारीख-वार आणि तालुक्यासकट पाऊस सांगणारे, छातीठोक, सोप्या मराठीत. ऑस्ट्रेलियात लोक निदान जुन्या सरकारी पानावर तरी परतले. आपल्याकडे ते तिकडे जातील, आणि एकदा गेलेला माणूस परत आणणं किती अवघड असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गावांच्या नावांचंही तितकंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ सुद्धा नाही. ज्या देशात एका शहराच्या दोन टोकांत एवढं अंतर पडतं तिथे ‘मुंबई’ असा एक ठिपका काढून भागत नाही. आज कुलाब्याचं आणि वेरावलीचं अशी दोन रडारं मुंबईवर नजर ठेवून आहेत. पण बघणाऱ्याला आपली वाडी, आपला नाला, आपलं स्टेशन नकाशावर दिसलं तरच ती त्याच्या कामाची. नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून नावं पुसायचा मोह प्रत्येक चित्रकाराला होतो. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी ते ठीक आहे.

माझी मागणी फार नाही. कधी काळी साइट बदलायचीच झाली तर जुनी बंद करू नका. दोन्ही शेजारी चालू ठेवा, निदान एक अख्खा मान्सून आणि त्यानंतरचा अवकाळीचा हंगाम. नुसतं ‘पावसाळा सोडून बदलू’ म्हणाल तर ते आता चालणार नाही, कारण पावसाळा कुठून कुठवर हेच ठरेनासं झालंय. यंदा मान्सून २६ मे ला मुंबईत होता आणि सप्टेंबरात सोलापूर-धाराशिव पाण्याखाली होतं. नवे रंग हवे असतील, आणि रंग न दिसणाऱ्यांसाठी ते हवेतच, तर ते पर्याय म्हणून द्या, माणसानं एकदा निवडलं की पुन्हा विचारू नका. चाचणी दिल्लीतल्या गार खोलीत करू नका. तडकलेल्या काचेचा फोन घ्या, एक काडी रेंज घ्या, पहाटे चारला तासगावच्या बांधावर या. भाऊ चहा देईल. आणि खर्चाचा आकडा पहिल्याच दिवशी पूर्ण सांगा, पायाभरणीसकट, मग तो कितीही मोठा असो. आपल्याकडे लोक आकड्याला घाबरत नाहीत, तो लपवला की मात्र त्यांना वास येतो.

एक गोष्ट इथल्या लोकांकडून घेण्यासारखी वाटली, ती सांगून थांबतो. एवढी आरडाओरड झाली, पण त्यात ‘खातं बंद करा’ असं म्हणणारा मला कुणी भेटला नाही. ज्याला त्याला आपलं पान परत हवं होतं. शेजारचे आजोबा आता नाहीत, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा लॅपटॉप त्यांच्या मुलीकडे आहे. रंग परत आले त्या दिवशी संध्याकाळी तिनं कुंपणापलीकडून हाक मारून मला सांगितलं, एखादा हरवलेला कुत्रा घरी आल्याचं सांगावं तसं.

उत्तर पाठवणार असाल तर कृपया माझ्या नावानं पाठवा, भावाच्या पत्त्यावर नको. तो मार्चपर्यंत कुणाचंच पत्र उघडत नाही.

आता थांबतो. तीन वाजून गेलेत, मारबर्गच्या रडारवर इप्सविचच्या मागे पिवळं दिसायला लागलंय, आणि माझी गाडी अजून बाहेर आहे.

आपला,
एक तासगावकर
ब्रिस्बेन, डिसेंबर २०२५